क्रोटन, अग्लोनिमा की कॅलेथिया? नाशिकच्या घरासाठी रंगीत पानांचं झाड निवडताना

पावसाळ्यात नर्सरीत गेलं की रंगीत पानांची सगळीच झाडं हवीहवीशी वाटतात. हवेत ओल असते, ऊन चटका देत नाही, पान न् पान टवटवीत असतं. म्हणूनच जुलैतलं रूप बघून झाड ठरवू नका. नाशिकमध्ये घरातल्या झाडाचा कस लागतो तो डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात आणि मार्च ते मेच्या कोरड्या हवेत. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. थंडीत पारा दहाच्या खाली येतो, निफाडकडे तर आणखी खाली, आणि उन्हाळ्यात तोच चाळिशीला टेकतो.

ही झाडं मात्र मुळात उबदार, दमट मुलखातली. क्रोटन मलेशिया-इंडोनेशियापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंतचं, अग्लोनिमा आग्नेय आशियातल्या जंगलाच्या सावलीतलं आणि कॅलेथिया दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनातली. तशी हवा आपल्याकडे जेमतेम चार महिने. त्यामुळे रंग कोणता आवडतो हे नंतर बघा. आधी तुमच्या खिडकीत ऊन किती येतं ते बघा.

क्रोटनला ऊन लागतंच. लाल, केशरी, पिवळा हे सगळे रंग त्याच्या पानात उजेडावरच चढतात. हॉलच्या कोपऱ्यात, टीव्हीशेजारी ठेवलात तर जुनी पानं रंग टिकवून राहतील, पण नवी हिरवीच येतील. पूर्वेची खिडकी किंवा सकाळी तीन-चार तास ऊन येणारी गॅलरी असेल तर तिन्हींत मी क्रोटनच सुचवेन. ते स्वस्त मिळतं, जुनं झालं की खोड चांगलं जाड होतं आणि बोअरचं पाणीही बऱ्यापैकी सोसतं.

त्याची एक खोड मात्र आधीच माहीत हवी. जागा बदलली की ते पानं गाळतं. नर्सरीतून घरी आणल्यावर आठवड्याभरात खालची पानं टपाटप गळू लागतात आणि माणूस घाबरून पाणी वाढवतो. तसं करू नका. फांदीवर नखाने हलकं खरवडून बघा. सालीखाली हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. त्याला तिथेच राहू द्या, माती वरून सुकल्यावरच पाणी द्या, नवे कोंब येतात. छाटताना निघणाऱ्या चिकाने कातडीला खाज सुटते, तेव्हा हातमोजे घाला.

उन्हाळ्यात क्रोटनचा खरा शत्रू म्हणजे कोळी, जाळं विणणारा नव्हे, तर पानातला रस शोषणारी बारीक कीड. द्राक्षवाल्यांच्या घरात लाल कोळीची ओळख करून द्यायला नकोच. कुंडीतल्या झाडावरही तशीच कीड कोरड्या, तापलेल्या हवेत फोफावते. पान निस्तेज दिसलं, त्यावर बारीक फिकट ठिपके आले की पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले मोहरीहून कितीतरी बारीक कण चालू लागले, तर तो कोळीच. झाड बाथरूममध्ये नेऊन पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. मग एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा फवारा, कारण अंडी एका फवारणीत जात नाहीत.

ज्यांच्याकडे उजेड आहे पण थेट ऊन नाही, म्हणजे कॉलेज रोड-इंदिरानगरकडच्या इमारतींमधले बरेचसे फ्लॅट, त्यांनी डोळे झाकून अग्लोनिमा घ्यावा. हिरव्या-चंदेरी जाती अगदी कमी उजेडातही तग धरतात. लाल-गुलाबी जातींना खिडकीजवळची जागा द्या. पाणी विसरलात तरी चालतं, जास्त झालं तर मात्र मुळं सडतात. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. थंडीत तर पंधरवड्यातून एकदाही पुरतं. पंधरा अंशांखाली हा कुरकुरतो, म्हणून डिसेंबरात रात्री खिडकीच्या काचेपासून आत सरकवा. तो हवा शुद्ध करतो म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर तेवढ्यासाठी घेऊ नका. ज्या नासाच्या १९८९च्या अभ्यासाचा दाखला देतात, ते प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाले होते. आपल्या खोलीत एका कुंडीने तसा फरक पडत नाही.

कॅलेथियाइतकं देखणं पान या तिघांत दुसऱ्या कुणाचं नाही. संध्याकाळी पानं उभी होतात, खालची जांभळी बाजू दिसते आणि सकाळी ती पुन्हा पसरतात. देठाजवळच्या फुगीर सांध्यात पाण्याचा दाब कमी-जास्त होतो, त्यातून ही हालचाल होते. पण एप्रिलच्या हवेत तिच्या कडा करपतात आणि क्षाराचं पाणी तिला अजिबात चालत नाही. आपल्याकडे आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची पद्धत आहे. त्यात क्षार एकवटलेले असतात, ते कॅलेथियाला तरी घालू नका. नळाचं पाणी रात्रभर ठेवल्याने क्लोरीन कमी होतो, क्षार जात नाहीत. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम, नाहीतर फिल्टरचं पिण्याचं पाणी. उन्हाळ्यात पाण्याचा कूलर चालणाऱ्या खोलीत ती सुखी असते, फक्त थेट झोतात ठेवू नका. एसीच्या खोलीत घेऊच नका.

इतकं असूनही एका घरासाठी मी कॅलेथियाच सांगेन. अग्लोनिमाच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावल्यास तोंड आणि घसा आगीसारखा होतो. क्रोटनचा चीकही त्रासदायक. कॅलेथिया मांजर-कुत्र्यांना विषारी नाही. रांगतं मूल किंवा पानं चावणारी मांजर घरात असेल तर कॅलेथियासाठी करावे लागणारे कष्ट सार्थकी लागतात.

कोणतंही घ्या, डिसेंबरात घेऊ नका. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या कडियमच्या नर्सऱ्यांमधून देशभर रोपं जातात. तिथली हवा उबदार आणि दमट. अशा हवेतलं रोप थेट आपल्या गारठ्यात आणलं की पहिला फटका त्यालाच. जून ते ऑगस्ट हा काळ चांगला, रोपाला रुळायला वेळ मिळतो. घरी आणल्या आणल्या कुंडी बदलू नका, महिनाभर थांबा. मग बागेतली माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समप्रमाणात घेऊन त्यात मूठभर परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) मिसळा, आणि कुंडीला खाली भोक आहे ना, हे आधी बघा.