पहिला जुना फ्रिज: अमेरिकेतून आलेला घ्यावा की आपल्याकडचा?

जुने रेडिओ आणि जुन्या स्कूटरी जमवणारे पुष्कळ भेटतात. जुन्या फ्रिजच्या वाटेला माणूस सहसा जात नाही, कारण तो ठेवायला अख्खी भिंत लागते आणि जिन्यावरून चढवायला चार माणसं. तरीही गोल खांद्यांचं ते दार, जड कडीचा तो ‘खट्’ आवाज आणि आतला पांढरा मिना एकदा मनात बसला की सुटत नाही. मग प्रश्न येतो तो पहिला फ्रिज कोणता घ्यायचा याचा. माझं मत आधीच सांगतो: पहिला आपल्याकडचाच घ्या. परदेशी फ्रिजचा विचार हात बसल्यावर करा.

परदेशी फ्रिजची ओढ मला कळते. जनरल इलेक्ट्रिकने १९२७ साली आणलेला ‘मॉनिटर टॉप’ पाहिला की कुणीही थबकेल. पोलादी कपाट, वळणदार पाय आणि डोक्यावर गोल डब्यात बसवलेला कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या ‘मॉनिटर’ या युद्धनौकेच्या बुरजासारखा तो डबा दिसे, त्यावरून हे नाव पडलं. त्याची सीलबंद यंत्रणा इतकी नेटकी होती की त्यातले काही फ्रिज आजही थंड करतात. अडचण आत भरलेल्या गॅसची आहे. बहुतेकांत सल्फर डायऑक्साइड असतो. तो गळला तर डोळे-घसा जाळतो, आणि ओलावा लागला की त्याचं आम्ल होऊन यंत्रणा आतून खाल्ली जाते. असं सील उघडणं हे गल्लीतल्या मेकॅनिकचं काम नाही. घ्यायचाच तर चालू स्थितीतला घ्या आणि त्याच्या नळ्यांना हात लावू नका.

१९५०च्या दशकातले अमेरिकन फ्रिज त्यामानाने सोपे. त्यांत बहुधा आर-१२ हा थंड करणारा गॅस असतो. पण ते बनले ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी (हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं). आपल्या भिंतीत २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. विकणारा म्हणतो, ट्रान्सफॉर्मर लावा, झालं. तसं होत नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ५० हर्ट्झवर मोटर सुमारे सहाव्या हिश्शाने मंद फिरते आणि ११५ व्होल्ट दिले तर तापत राहते. हिशेबाने तिला ९५ ते १०० व्होल्टच्या आसपास पुरवठा हवा. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर चांगला दणकट लागतो. हौसेने आणलेला फ्रिज इथेच जळतो.

आता आपला फ्रिज. १९५८ साली गोदरेजने त्याच जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली. पुढे हैदराबादचा ऑल्विन आला, केल्व्हिनेटर आला, आणि १६५ लिटरचा एकदारी फ्रिज मध्यमवर्गीय घरात मानाने उभा राहिला. माझ्या आत्याकडे तो स्वयंपाकघरात नव्हे, बाहेरच्या खोलीत असे, वर क्रोशाचा रुमाल घातलेला. हे फ्रिज २३० व्होल्टचेच. थर्मोस्टॅट (थंडावा राखणारं बटण), रिले (मोटर सुरू करणारा) आणि ओव्हरलोड (मोटर तापली की वीज तोडणारा) हे भाग आजही दुकानात मिळतात, आणि ज्याने ते तीस-तीस वर्षं दुरुस्त केले असा एखादा कारागीर तुमच्या गावात अजून असतो. शिकणाऱ्याला यापेक्षा मोठी सोय नाही. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारा, पण त्याआधी नातेवाइकांची कोठीघरं पाहा.

दिसण्यात अमेरिकन फ्रिज जिंकतो, हे मान्य. क्रोमची नक्षी, मिन्याची आतली बाजू, जाड पत्रा यांना तोड नाही. रंगकामातही जुन्या बांधणीला फायदा आहे. ज्या फ्रिजच्या भिंतींत काचलोकर भरलेली असते, तो पूर्ण उघडून पत्रा उघड्या धातूपर्यंत साफ करता येतो आणि पावडर कोटिंगच्या, म्हणजे रंगाची भुकटी भाजून चिकटवण्याच्या, भट्टीत घालता येतो. भिंतींत फोम ओतलेला असेल तर १८०-२०० अंशांची ती भट्टी त्याला सोसत नाही. मग गाड्यांसारखा फवाऱ्याचा रंग हाच मार्ग. म्हणून पैसे देण्यापूर्वी दाराच्या आतली पट्टी सोडवून भिंतीत काय आहे ते बघाच. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

गॅसचा प्रश्न दोन्हीकडे येतो. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानुसार आर-१२ हटवला गेला, भारतात २०१० पासून तो बंद आहे. मेकॅनिक ‘आर-१३४ए (त्याच्या जागी आलेला गॅस) भरून देतो’ म्हणाला तर आधी कॉम्प्रेसरमधल्या वंगणाच्या तेलाचं काय करणार ते विचारा. हा गॅस जुन्या खनिज तेलात मिसळत नाही, तेल नळ्यांत अडकून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. प्रोपेन-आयसोब्युटेनचं मिश्रण जुन्या तेलासोबत चालतं आणि वजनाने आर-१२च्या निम्म्याहूनही कमी लागतं. पण ते ज्वालाग्राही आहे, आणि जुन्या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅट व दिव्याचं बटण आतच असतं. तिथे ठिणगी पडते. हे भाग बंदिस्त केल्याशिवाय किंवा बाहेर हलवल्याशिवाय मी ते भरू देणार नाही. मूळ कॉम्प्रेसर गेला असेल तर नवा बसवायला संकोच करू नका, फक्त कॅपिलरी (गॅसची बारीक नळी) त्याला जुळणारी घ्या आणि ड्रायर (ओलावा शोषणारी गाळणी) नवा घाला.

कॉम्प्रेसर बदलता येतो. फ्रीझर, दार आणि आतलं कपाट बदलून मिळत नाही. आपल्याकडच्या फ्रिजचा फ्रीझर बहुधा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा, आणि बर्फ सुरीने खरवडून त्याला भोक पाडलेले फ्रिज मी खूप पाहिले. त्या भोकाला लावलेलं ठिगळ टिकेलच असं नाही. त्यामुळे बंद कॉम्प्रेसरचा पण धड फ्रीझरचा फ्रिज मी चालू पण ठिगळाच्या फ्रिजपेक्षा वरचा मानतो. कोकणातून किंवा मुंबईतून घेत असाल तर दाराची खालची कड आणि भाजीच्या खणाखालचा पत्रा निरखा, खाऱ्या हवेत गंज तिथूनच चढतो.

कडीच्या दाराबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुनी कडी आतून उघडत नाही. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये अडकून मुलं दगावली, म्हणून अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला आणि १९५८ पासून आतून ढकलून उघडणारं दार सक्तीचं झालं. घरात मूल येत-जात असेल तर काम चालू असताना दार काढून ठेवा, आणि फ्रिज तयार झाल्यावर कडीची जीभ काढून चुंबकी गॅस्केट (दाराच्या कडेची रबरी पट्टी) बसवा. ‘खट्’ आवाज जाईल, जाऊ द्या.

बघायला जाताना खिशात टॉर्च, लहान चुंबक आणि एक नोट ठेवा. चुंबक चिकटला नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. नोट दारात अडकवून ओढा. सहज निघाली तर गॅस्केट गेलं. फ्रिज उभाच आणा, आणि घरी आल्यावर काही तास तसाच राहू द्या. मगच प्लग लावा.