मूडल: अभ्यासक्रम पारखायला कितपत कामाचं?

बहुतेक महाविद्यालयांत मूडल ही ऑनलाइन शिक्षणाची प्रणाली असते ती पीडीएफ ठेवायला आणि असाइनमेंट गोळा करायला. २००२ पासून चालत आलेल्या या मुक्त प्रणालीत अभ्यासक्रमाची गुणवत्ता तपासण्याची सोयही आहे, आणि त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. या कामाची मुख्य साधनं दोन. त्यांतलं ज्याचं सगळ्यांना कौतुक ते कॉम्पिटन्सीचं साधन, म्हणजे विद्यार्थ्याला ठरलेली क्षमता आली का याची नोंद ठेवणारं, मेहनत फार मागतं आणि चुकीचं बसवलं तर बेधडक खोटं बोलतं. ज्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही ते क्विझचं स्टॅटिस्टिक्सचं पान मात्र पहिल्याच परीक्षेनंतर उपयोगी पडतं.

आधी त्या पानाबद्दल. क्विझच्या रिझल्ट्समधून स्टॅटिस्टिक्स उघडायचं आणि आकडे कोणत्या प्रयत्नावरून काढायचे ते निवडायचं. परवानगी एकाहून जास्त प्रयत्नांची असेल तर पहिला प्रयत्न घ्यावा. सर्वाधिक गुणांचा प्रयत्न घेतला की मुलांनी उत्तरं बघून पुन्हा सोडवलेला पेपर मोजला जातो. प्रत्येक प्रश्नासमोर फॅसिलिटी इंडेक्स दिसतो, म्हणजे त्या प्रश्नाला वर्गाने सरासरी किती टक्के गुण मिळवले. ३५ ते ६५ च्या आसपास असेल तर प्रश्न सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या आवाक्यातला. शेजारचा डिस्क्रिमिनेशन इंडेक्स सांगतो की बाकीच्या पेपरात चांगली ठरलेली मुलं या प्रश्नातही चांगली ठरली का. ५० च्या वर उत्तम, ३० ते ५० चालण्याजोगा, २० च्या खाली गेला की प्रश्न पुन्हा वाचायचा. आकडा उणे आला तर आधी उत्तरसूची तपासा. बरेचदा चूक तिथेच असते. ती दुरुस्त करून रीग्रेड (पुन्हा गुणदान) केलं की गुण आपोआप सुधारतात. उत्तरसूची बरोबर निघाली तर प्रश्नाची भाषा दोन अर्थांची आहे का ते बघा. हुशार मुलं जास्त विचार करून चुकतात ती अशा ठिकाणी.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. फॅसिलिटी ९५ असेल तर डिस्क्रिमिनेशन कमीच येणार, कारण सगळ्यांनाच जमलेला प्रश्न मुलांमध्ये फरक दाखवणार कसा? त्यासाठी शेजारी डिस्क्रिमिनेटिव्ह एफिशियन्सीचा रकाना आहे; प्रश्न जितका सोपा किंवा कठीण आहे त्या मानाने त्याने फरक किती दाखवला, हे तो सांगतो. अतिसोप्या आणि अतिकठीण प्रश्नांसाठी तोच बघावा.

अभ्यास मंडळाच्या बैठकीत मांडावा असा रकाना म्हणजे इफेक्टिव्ह वेट. इंटेंडेड वेट तुम्ही ठरवलेला भार, इफेक्टिव्ह वेट प्रत्यक्षात पडलेला. प्रकल्पावरच्या प्रश्नाला कागदावर २० टक्के दिलेत, पण सगळ्यांना जवळजवळ सारखेच गुण मिळाले, तर मुलांच्या निकालातल्या फरकात त्या प्रश्नाचा वाटा नगण्य राहतो. अभ्यासक्रमात ‘उपयोजनावर भर’ असं लिहिलेलं असतं आणि निकाल ठरवतात पाठांतराचे प्रश्न. ही विसंगती इतकी उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

आता हे आकडे अभ्यासक्रमापर्यंत न्यायचे कसे? प्रश्नपेढीत घटकानुसार कॅटेगरी करा आणि प्रत्येक प्रश्नाला पातळीचा टॅग लावा. ब्लूम यांच्या १९५६ च्या वर्गीकरणाची २००१ मध्ये सुधारलेली शिडी पुरेशी आहे: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. टॅग प्रश्नातल्या क्रियापदावरून लावू नका. ‘विश्लेषण करा’ असं विचारलं आणि उत्तर नोट्समध्ये जसंच्या तसं असलं, तर तो स्मरणाचाच प्रश्न. स्टॅटिस्टिक्सचं पान टॅगनुसार बेरीज करून देत नाही, ही त्यातली मोठी उणीव. तक्ता डाउनलोड करून एक्सेलमध्ये घटक आणि पातळी असे दोन रकाने हाताने भरावे लागतात. चाळीस प्रश्नांसाठी हे काही फार मोठं काम नाही.

मग वाचन सुरू होतं. एखाद्या घटकात सगळ्याच पातळ्यांवर फॅसिलिटी पडलेली असेल तर त्या घटकाला तासिका अपुऱ्या आहेत किंवा आधीच्या सत्रातला पाया कच्चा राहिलाय. स्मरण-आकलन ठीक आणि उपयोजनापासून पुढे घसरण, तर शिकवणं झालंय, सराव झालेला नाही. विश्लेषणाच्या टॅगच्या प्रश्नाला ९५ फॅसिलिटी दिसली तर खूश होण्याआधी वर्गातली उदाहरणं तपासा. बहुधा तोच प्रश्न आकडे बदलून फळ्यावर सोडवलेला असतो. वीस मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे पाच टक्के, हे विसरू नका. लहान वर्ग असेल तर दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय काही बदलू नये. पेपर कॅटेगरीतून रँडम प्रश्न उचलून बनत असेल तर एकेका प्रश्नाला उत्तरं आणखी कमी मिळतात आणि आकडे डळमळतात.

कॉम्पिटन्सीची सोय आवृत्ती ३.१ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. साइट अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये फ्रेमवर्क, म्हणजे कॉम्पिटन्सींचा आराखडा, तयार करायचं, त्यात निष्पत्ती (शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवं ते) भरायच्या, त्या विषयांना जोडायच्या आणि विषयातल्या क्विझ-असाइनमेंटना बांधायच्या. इथे चुका ठरलेल्या आहेत. अ‍ॅक्टिव्हिटी पूर्ण झाल्यावर काय व्हावं याचे चार पर्याय असतात: काही नाही, पुरावा जोडा, तपासणीला पाठवा, कॉम्पिटन्सी पूर्ण करा. घाईत शेवटचा निवडला जातो. त्यात अ‍ॅक्टिव्हिटी ‘पूर्ण’ होण्याची अट नुसती ‘बघितलं’ अशी असेल, तर पीडीएफ उघडणारा प्रत्येक जण कागदोपत्री सक्षम ठरतो. शंभर टक्के निष्पत्ती गाठल्याचे अहवाल कधीकधी असेच तयार होतात. अट ‘उत्तीर्ण गुण मिळाले’ अशी ठेवा आणि पर्याय ‘पुरावा जोडा’ किंवा ‘तपासणीला पाठवा’ असा.

दुसरी चूक स्केलमध्ये, म्हणजे कॉम्पिटन्सीला द्यायच्या श्रेणींच्या यादीत. आपोआप मिळणारी श्रेणी ही तुम्ही डीफॉल्ट म्हणून निवडलेलीच असते, म्हणून डीफॉल्ट कोणती आणि ‘सक्षम’ कोणती हे सुरुवातीलाच नीट ठरवा. एकदा मुलांच्या नोंदी पडल्या की स्केल बदलता येत नाही. तिसरी मर्यादा आपल्या हातात नाही: कॉम्पिटन्सी संपूर्ण क्विझला बांधली जाते, एकट्या प्रश्नाला नाही. पाच निष्पत्तींची एकच सत्रांत परीक्षा बांधली तर एकाच निकालावर पाचही ‘साध्य’ होतात. उपाय म्हणजे निष्पत्तीगणिक छोट्या क्विझ. त्याला प्राध्यापक कंटाळतात, आणि ते समजण्यासारखं आहे.

तरीही या साधनाचा एक उपयोग मोलाचा. फ्रेमवर्कच्या पानावर कोणत्याही निष्पत्तीला जोडलेले विषय बघता येतात. एकही विषय जोडलेला नसेल तर ते माहितीपत्रकातलं पोकळ आश्वासन. सहा-सात विषय जोडलेले असतील तर तोच भाग पुन्हापुन्हा शिकवला जातोय का, की दरवर्षी एक पायरी वर जातोय, हे त्या विषयांच्या प्रश्नपत्रिका शेजारी ठेवून बघा. हा तपास करायला मुलांचा एकही गुण लागत नाही, फक्त जोडण्या प्रामाणिक हव्यात. विषयाच्या कॉम्पिटन्सीच्या पानावर सर्वाधिक मुलं कुठे अडली तेही दिसतं. संपूर्ण वर्ग आणि सगळ्या निष्पत्ती असा एकत्र तक्ता मात्र मूळ मूडलमध्ये मिळत नाही. अहवाल एकेका विद्यार्थ्याचा उघडावा लागतो, आणि साठ मुलांच्या वर्गात ते कुणी करत नाही.

प्रकल्प आणि निबंधांसाठी रुब्रिक, म्हणजे निकष आणि त्यांच्या पातळ्यांनुसार गुण देण्याचा तक्ता, चांगलं आहे, पण सर्वात खालच्या पातळीला १ गुण देत असाल तर किमान गुणांबद्दलचा पर्याय वाचून घ्या. त्याची खूण काढलेली असेल तर प्रत्येक निकषावर १ मिळवणाऱ्याचा शेवटचा गुण शून्य येतो.

मूडलला काही गोष्टी दिसतच नाहीत. मुलांवरचा भार त्यांतला पहिला. युरोपीय श्रेयांक पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे २५ ते ३० तासांचं काम आणि वर्षाला ६० श्रेयांक, म्हणजे १५०० ते १८०० तास. अशी तासांची मोजणी इथे कुठेच होत नाही. फार तर कॅलेंडरमध्ये एकाच आठवड्यात चार विषयांच्या मुदती आदळताना दिसतात. आशय कालबाह्य झालाय का, हेही कळत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या पद्धतीवरचा प्रश्न उत्तम फॅसिलिटी आणि उत्तम डिस्क्रिमिनेशन दाखवू शकतो. तिथे त्या क्षेत्रात काम करणाऱ्या बाहेरच्या माणसाने प्रश्नपत्रिका वाचण्याला पर्याय नाही.

ज्या विभागाकडे प्रश्नपेढी आहे आणि किमान पन्नास-साठ मुलं क्विझ देतात, त्यांनी स्टॅटिस्टिक्स आजच उघडावं. जिथे प्रश्न अजून वर्डच्या फायलींत पडून आहेत, तिथे पहिल्या सत्रात एकाच विषयाची पेढी भरून टॅग लावावेत. कॉम्पिटन्सीला हात पुढच्या वर्षी, आणि विषयाला पाच-सहाच निष्पत्ती घेऊन.