ईव्हीए दाणा: सहा गोण्या खऱ्या, चौऱ्याहत्तर भंगार

जाळ्यांचे फ्लोट किंवा चपलेची शीट काढणाऱ्या कोकणातल्या कारखानदारांसाठी हे लिहितोय. आम्ही ईव्हीए (फुगवून फोम करायचं प्लास्टिक) मागवला आणि फसलो. 80 गोण्या, 2,000 किलो, किलोला 128 रुपये, जीएसटी धरून 3,02,080 रुपये. वर ट्रकभाडं 11,000.

पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. नमुना अस्सल, अर्धे पैसे आगाऊ, अर्धे गाडी भरल्यावर. भाव नेहमीपेक्षा किलोमागे फक्त 9 रुपयांनी कमी. फार स्वस्त असता तर आम्हीच हात लावला नसता. 18 टक्के व्हीए (व्हिनाइल अ‍ॅसिटेट), एमआय (वितळल्यावर वाहण्याचा आकडा) 2.5 असा पाच किलोचा नमुना 170 अंशाला प्रेसवर घेतला, झकास फुगला. 1 ऑगस्टला मासेमारी सुरू होते, हर्णै-मिरकरवाडा बंदरांना फ्लोट जुलैतच लागतात. घाई कोणाला नसते?

आणि ई-वे बिलावर (मालवाहतुकीच्या कागदावर) एचएसएन, म्हणजे मालाचा कर-कोड, होता 3915! म्हणजे प्लास्टिकचं भंगार. ईव्हीएचा 390130, प्रोफॉर्मावर (आधी पाठवलेल्या कच्च्या बिलावर) तोच होता. दोन्हींवर जीएसटी 18 टक्केच, त्यामुळे रक्कम जुळली आणि आम्ही रकमेवरच बोट फिरवलं. रात्री साडेनऊला, धो धो पावसात गोण्या उतरवताना आकडे कोण वाचतं? पण होते चारच आकडे. डोळ्यांसमोर.

दाराजवळच्या सहा गोण्या खऱ्या. मागच्या चौऱ्याहत्तरमध्ये चपलेचं कटिंग दळून, एलडी (पिशव्यांचं साधं पॉलिथिन) मिसळून केलेला ओला दाणा. एकदा क्रॉसलिंक झालेला (रेणू एकमेकांत बांधले गेलेला) ईव्हीए पुन्हा वितळत नाही. नीडरमध्ये (घोटायच्या यंत्रात) 110 अंशाला 40 किलोची बॅच घोटली तरी कण तसेच राहतात, प्रेस उघडताच एडीसीचा (फुगवणाऱ्या पावडरीचा) गॅस त्यांच्याभोवती फाडून निघतो. ओलाव्याचे फोड वेगळेच. फ्लोट वरून ठीक दिसतो, खोलात दाब बसला की पाणी पितो. डीसीपी (क्रॉसलिंक करणारं रसायन) वाढवून सावरायला जाऊ नका, शीट कडक होऊन कडेला तडकते.

खालच्या थरातली गोणी ड्रायव्हरसमोर फोडा, व्हिडिओ काढा. मूठभर दाणा उकळत्या पाण्यात टाका: 18 टक्क्यांचा 85-90 अंशाला वितळून गोळा होतो, एलडी सुटी राहते. दाणा बुडाला तर चॉक आहे. तरंगला म्हणून खूश होऊ नका, एलडीही तरंगते.

पोलीस ठाण्यात म्हणाले, दिवाणी मामला. मग म्हणाले, माल भरला तिथे जा. तिथले म्हणाले, पैसे जिथून पाठवले तिथे जा. झिरो एफआयआरचं (कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती तक्रार) नाव काढलं तर साहेब जेवायला गेलेले, दोन्ही वेळा. बँक म्हणते, एनईएफटी तुम्हीच केलीत. (पैसे जाताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आम्ही अकरा दिवस विक्रेत्यालाच फोन करत बसलो.) कर कार्यालयातल्या बाईंनी तर कहर केला: "बिल भंगाराचं, माल भंगाराचा, मग तक्रार कसली?" विक्रेत्याने रिटर्नच भरलं नाही, म्हणून आम्ही भरलेल्या जीएसटीचं 46,080 चं क्रेडिटही अडकलं.

काल एकाने पायपुसण्यांसाठी त्या गोण्या किलोला 18 रुपयांनी मागितल्या. देणार आहोत. बिलावर 3915 लिहून, आणि ते त्याला मोठ्याने वाचून दाखवून.