गाडीचं पीपीएफ बदलून घेताना फसलो, बॉक्स खरा पण आतला रोल भलताच

मी आंबेवाला माणूस, पावसजवळ छोटी बाग आहे. दर सीझनला गिऱ्हाइकांना सांगून सांगून तोंड दुखतं की पेटीवर देवगड लिहिलंय म्हणून आत देवगडचाच हापूस असेल असं नाही, २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तरी कर्नाटकचा माल आपल्या नावाच्या पेटीत बसून वाशीपर्यंत जातोच. आणि हे सांगणारा मी स्वतः कसा फसलो ते आता लिहितोय, हसायचं तर हसा.

गाडी पांढरी आहे, दोन वर्षांपूर्वी पुण्यात फुल बॉडी पीपीएफ, म्हणजे पेंट वाचवणारी पारदर्शक फिल्म, करून घेतलेली. तेव्हा घरात सगळे म्हणाले पैसे जास्त झालेत याला, पण आपल्याकडे जांभ्याची धूळ, आंब्याचा चीक, खारी हवा, त्यात २०११ पासून चाललेलं मुंबई-गोवा हायवेचं काम, म्हणून केलं. ते कामाला आलं सुद्धा. संगमेश्वरच्या पुढे डंपरमधून खडी उडाली ती बॉनेटवर, फिल्म तीन ठिकाणी फाटली पण खालचा पेंट शाबूत. डावा फेंडर मात्र माझ्याच चुकीने गेला, पाखाडीच्या तोंडाशी गाडी वळवताना दगडी गडग्याला घासला, फिल्म सोलून लोंबायला लागली.

पुण्याला फोन केला, ते म्हणाले फाटलेल्या फिल्मला ठिगळ लावत नाहीत, तो पॅनल पूर्ण काढून नवीन लावायचा, घेऊन या गाडी. आता दोन पॅनलसाठी कोण जातंय पुण्याला. रत्नागिरीतच एक डिटेलिंगवाला मिळाला, नाव लिहीत नाही कारण प्रकरण चालू आहे. व्हॉट्सअॅपवर रेट आला, टीपीयू (रबरासारखं ताणणारं प्लास्टिक), ८ मिल जाडी, सेल्फ हीलिंग म्हणजे बारीक चरे आपोआप भरणारी, ५ वर्षं वॉरंटी, दोन पॅनलचे १६ हजार. गेल्यावर त्याने बॉक्स दाखवला, पुण्यात लावलेला तोच ब्रँड, वर स्टिकर, सिरियल नंबर, सगळं. मी खूश. बॉक्स उघडून आतला रोल बघावा, निदान नंबरचा फोटो काढावा हे डोक्यात आलंच नाही. पेटी बघितली आणि आंबा घेतला!

आत थांबतो म्हटलं तर "काका, धूळ येते, बाहेर चहा घ्या." धूळ खरंच चालत नाही या कामाला, म्हणून मीही गप्प बसलो. सकाळी अकराला दिलेली गाडी चारला हातात. बिल म्हणजे लेटरपॅडचा कागद, त्यावर "पीपीएफ वर्क २ पॅनल" एवढंच, जीएसटी नंबर नाही, ब्रँड नाही. वॉरंटी कार्ड मेलवर येईल म्हणाला. पैसे जीपेने दिले तर नाव भलत्याच माणसाचं आलं, तेव्हाच खटकायला हवं होतं.

महिन्याभरात बॉनेटच्या कडा उठल्या आणि त्यात लाल माती जाऊन बसली. मे महिन्यात तर गाडीचं तोंड काविळीसारखं पिवळं, दारं पांढरीशुभ्र. फोन केला तर म्हणतो, "काका, समुद्राची हवा आहे ना, कोकणात पिवळी पडतेच." अरे मग दोन वर्षं जुनी दारांवरची फिल्म काय हिमालयात होती काय? त्यावर म्हणे आता कंपनीची क्वालिटी उतरलीय.

त्या रात्री मी बायकोची किटली घेऊन अंगणात गेलो. दारावरच्या बारीक चऱ्यांवर गरम पाणी ओतलं, बघता बघता चरे गेले. टीपीयूचं असंच असतं, उष्णता लागली की वरचा थर भरून येतो, पण बारीक चरेच हां, फाटलेलं भरत नाही. बॉनेटवर अख्खी किटली रिकामी केली, एक चरा हलला नाही. बायको ओटीवरून बघत होती, ती एवढंच म्हणाली, "पेटी बघून आंबा घेतलात की हो."

मग आंबा घाटाने कोल्हापूरला एका जुन्या कामवाल्याकडे गेलो. त्याने कोपरा ओढून दाखवला, टीपीयू रबरासारखी ताणून परत जागेवर येते, ही ताणली ती तशीच राहिली. साधी पीव्हीसी. काढताना कडक होऊन तुकड्या तुकड्याने निघाली, स्टीमर मारून, गोंद पुसून पाच तास गेले.

पण खरं नुकसान खाली होतं. त्या पठ्ठ्याने फिल्म गाडीवरच ठेवून ब्लेडने कापलेली. बॉनेटच्या कडेने क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, वीतभर रेघ, आणि फेंडरला दाराजवळ ब्लेड पार पत्र्यापर्यंत गेलेलं, तिथे गंज धरलेला. खाऱ्या हवेत गंजाला वेळ लागतो कुठे. गाडीचा पेंट सगळे थर धरून फिल्मपेक्षाही पातळ असतो, त्यामुळे हात जरा जड पडला की संपलं. चांगले लोक सॉफ्टवेअरवर पॅनलचा आकार आधीच कापून आणतात, किंवा कापण्यासाठी खास दोरा वापरतात, हे मला तिथे कळलं. बॉनेटची रेघ पॉलिशने बरीचशी गेली, फेंडर मात्र रंगवायला लागला.

तेव्हा कोणी पॅनल बदलून घेत असाल तर रोल तुमच्या समोर उघडायला लावा, सिरियल नंबर बिलावर आणि गाडीच्या नंबरासकट कंपनीच्या वॉरंटीत चढलाय का ते पैसे देण्याआधी बघा, आणि कापलेला एक तुकडा मागून घ्या. तुकडा देताना कां कूं केलं की गाडी उचला.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, रजिस्टर पोस्टाने नोटीसही गेलीय. ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. व्हॉट्सअॅपवरचा रेट आणि जीपेची पावती जपून ठेवलीय, पिवळे तुकडे पण आहेत, आंब्याच्या रिकाम्या पेटीत. कोल्हापूरवाला म्हणाला ताज्या पेंटवर लगेच फिल्म नको, महिनाभर थांबा, म्हणून सध्या फेंडर उघडाच फिरतोय आणि गडग्याजवळ आलो की बायको उतरून पुढे उभी राहते.