रीडिंग उतरलं, पण पाणी वाचलं नव्हतं: बागेच्या मीटरचा अनुभव

बिल्डरने बागेच्या लाइनवर बसवून दिलेला ५० मिमीचा मल्टिजेट मीटर (आतल्या पंख्याच्या फिरण्यावरून पाणी मोजणारा) पावसाळ्यानंतर बंद पडला. त्याजागी इलेक्ट्रोमॅग्नेटिक घेतला, त्याला आता हिवाळा आणि उन्हाळा झाला. इमारतीच्या ग्रीन रेटिंगच्या फाइलपुरता आकडा हवा असेल तर कुठलाही मीटर चालेल. एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून आलेलं पाणी खरंच मोजायचं असेल तर पुढचं वाचा.

जुन्याबद्दल माझा राग एकाच गोष्टीवर आहे: तो बंद पडतोय हे कळतच नाही. हे मीटर नळाच्या स्वच्छ पाण्यासाठीचे. एसटीपीच्या सँड फिल्टरचा बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने धुणं) लांबला की बारीक गाळ येतो, आतल्या पंख्यावर चिकट थर बसतो आणि तो जड फिरतो. पाणी तेवढंच जातं, आकडा कमी पडतो. आमचं रीडिंग उतरत गेलं आणि सोसायटीच्या सभेत ‘पाणीबचत’ म्हणून टाळ्या वाजल्या! माळीकाका मात्र सांगत होते, व्हॉल्व्ह पूर्वीइतकाच वेळ उघडा असतो. शेवटी बाकी सगळं बंद ठेवून पाइपने २०० लिटरचा ड्रम भरला. डायल १२० च्या आसपास. कंपनीच्या माणसाने ‘पाणी खराब आहे’ म्हणत वॉरंटी नाकारली. मग ट्रीटेड पाण्यासाठी म्हणून विकला कशाला?

नव्यात फिरणारा भागच नाही. चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहताना तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून तो वेग काढतो, त्यामुळे गाळाने अडकत नाही. बसवायला आलेला मुलगा मात्र एल्बोला, म्हणजे पाइपच्या वळणाला चिकटूनच लावत होता. मीटरच्या आधी व्यासाच्या पाचपट, म्हणजे २५० मिमी सरळ पाइप लागतो. पाइप यूपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकचा) असेल तर पाण्याला अर्थिंग देणाऱ्या धातूच्या रिंगही लागतात. पाइप पूर्ण भरलेला राहावा म्हणून पाणी वर चढतं त्या उभ्या भागात बसवून घेतला.

चौपट किंमत आणि चेंबरमध्ये वाकून वाचावा लागणारा डिस्प्ले यामुळे पहिल्या महिन्यात तीनच तारे दिले होते. आता साडेचार. आमची हिरवळ ४०० चौरस मीटर. ५ मिमी पाणी द्यायचं तर २००० लिटर पुरे. मीटर साडेतीन हजार दाखवायचा. रात्री बाग बंद असतानाही आकडा सरकत होता. हायड्रोन्यूमॅटिक पंपामुळे लाइनमध्ये दाब कायम असतो आणि एका स्प्रिंकलरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारा) पुरता मिटत नव्हता. तो बदलला आणि या उन्हाळ्यात बागेसाठी एकही टँकर मागवावा लागला नाही. मीटरचे पैसे मला तिथेच वसूल वाटले.

अर्धा तारा कापला तो विजेसाठी. वीज गेली की मोजणी थांबते. आमचा पंपही तेव्हा बंदच असतो, पण गच्चीवरच्या टाकीतून पाणी सोडणाऱ्यांनी बॅटरीवालाच घ्यावा. रिंग आणि फिटिंगचा खर्च कोटेशनमध्ये लिहून घ्या, आणि समोर ड्रम भरून दाखवल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका.