हनी, पर्ल की ड्वार्फ? बेळगावच्या थंडीत गोरामी निवडताना

निपाणीच्या भाच्याचा फोन आला. "मामा, दोन फुटी टाकी लावून दोन महिने झाले, आठ निऑन टेट्रा मजेत आहेत. आता एखादा जरा मोठा, शांत मासा पाहिजे. दुकानदार म्हणतो, सगळ्या गोरामी शांत असतात."

सगळ्या शांत असत्या तर माझ्या जुन्या टाकीतल्या टेट्रांच्या शेपट्या शाबूत राहिल्या असत्या. असंच ऐकून मी दीड इंचाच्या तीन निळ्या गोरामी आणल्या होत्या. वर्षभरात त्या तळहाताएवढ्या झाल्या आणि त्यातल्या एकीनं अर्धी टाकी स्वतःच्या नावावर करून घेतली. म्हणून निळी, आणि तिचीच सोनेरी नि ओपलाइन भावंडं, इथं मोजतच नाही. किसिंग गोरामी तर फूटभर वाढते. उरल्या तीन: हनी, पर्ल आणि ड्वार्फ.

पहिला प्रश्न टाकीचा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच म्हणजे काठोकाठ भरली तरी ५६ लिटर. हनी दोन इंचांच्या आसपास थांबते, ड्वार्फ तीन इंचांपर्यंत जाते. दोघी या टाकीत बसतात. पर्ल पावणेपाच इंचांपर्यंत वाढते, शिवाय एका नराबरोबर दोन-तीन माद्या असल्या तर ती खुलते. तिला तीन फुटी टाकी हवी. अंगभर मोत्यांची नक्षी आणि मोठ्या नराचा लालकेशरी गळा बघितला की दोन फुटीतच घालायचा मोह होतो. तो आवरा.

दुसरा प्रश्न थंडीचा, आणि आपल्याकडे हाच कळीचा. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर कानटोपी लागते, तेव्हा हीटर नसलेल्या टाकीचं पाणीही गारठतं. पर्ल मलेशिया, सुमात्रा, बोर्निओच्या दलदलीतली. तिला २४ ते २८ अंश लागतात. हनी ईशान्य भारत आणि बांगलादेशातली, ती २२ पर्यंत कुरकुर करत नाही. ड्वार्फही त्याच बाजूची, पण तिला मी २५ च्या खाली ठेवणार नाही. गारठ्यात ती पटकन आजारी पडते. हीटर मात्र तिघींनाही लावा. दोन फुटीला ५० वॅटचा पुरतो, खोली फारच गार असेल तर ७५ चा.

हीटर लावून झाकण उघडं ठेवलंत तर काम अर्धंच झालं. गोरामीला कल्ल्यांशिवाय डोक्यात हवेतला प्राणवायू घेणारा एक घडीदार अवयव असतो, म्हणून ती दर थोड्या वेळानं वर येऊन घोट घेते. ती हवा पाण्याइतकीच उबदार लागते. पाणी आणि झाकण यांत दोन इंच जागा सोडा. या अवयवाचा एक फायदा आहे: लाइट गेली, फिल्टर थांबला तरी गोरामी टेट्रांपेक्षा जास्त तग धरते.

पाण्याचं फार मनावर घेऊ नका. मूळची सवय तिघींनाही हलक्या, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्याची आहे, पण टाकीत पैदास झालेले मासे बेताचं जड पाणी चालवून घेतात. खानापूरकडे विहिरीचं पाणी हलकं असेल तर उत्तमच. कुकरच्या तळाला पांढरा थर बसवणारं बोअरचं पाणी असेल तर साठवलेलं पावसाचं स्वच्छ पाणी थोडं मिसळा. बेळगाव शहरात राकसकोप किंवा हिडकलचं नळाचं पाणी येतं. त्यातला क्लोरीन मारणारे थेंब घातल्याशिवाय ते टाकीत ओतू नका.

आता ड्वार्फबद्दल खरं बोलतो. तिघींत सगळ्यात देखणी तीच: निळ्या-लाल तिरक्या पट्ट्यांचा नर दिव्याखाली चमकतो. फ्लेम, पावडर ब्लू हे तिचेच पाळीव रंग. पण त्यांच्यात एक इरिडोव्हायरस फिरतो. रंग उतरतो, पोट फुगतं, अंगावर जखमा दिसतात, आणि त्यावर औषध नाही. दिसायला ठणठणीत मासाही तो घेऊन येऊ शकतो. शिवाय दुकानात बहुतेक नरच विकायला असतात, आणि दोन नर लहान टाकीत भांडतात. घ्यायचीच असेल तर एकच घ्या आणि दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून बघा.

हनी दुकानात फिकट, बापुडवाणी दिसते आणि गिऱ्हाईक पुढं जातं. घरी तरंगत्या पानांची सावली मिळाली की दोन-तीन आठवड्यांत नर मधासारखा पिवळा-केशरी होतो, गळा ते पोट काळसर निळं. मग तो पानाखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो. दोष एवढाच की ती भित्री आहे. टायगर बार्बसारखे पंख कुरतडणारे मासे सोबत असले तर ती झाडामागून बाहेरच येत नाही. पर्लही लाजाळू, तिच्या लांब मिशांनाही हेच लोक चावतात.

भाच्याला सांगितलं, तुझ्या टाकीला हनीची जोडी घे, निऑनबरोबर छान जमेल. तीन फुटी टाकी आली की पर्ल. घेताना दुकानदाराला समोर चार दाणे टाकायला लाव. खायला वर न येणारी सोडून दे. आणि डिसेंबरात कोल्हापूरहून आणणार असशील तर पिशवीभोवती वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या गुंडाळ, एसटीच्या खिडकीशी ठेवू नकोस.