दोन सॉफ्टवेअर: जोडून चालवायची की एकामागून एक?

माझ्या भाच्यानं नागपूरच्या मनीषनगरात राहत्या घरातल्या एका खोलीत छोटा स्टुडिओ थाटला आहे. बीट, म्हणजे गाण्यामागची संगणकावर बांधलेली साथ, एफएल स्टुडिओत करतो, गाणं-वाजवणं रीपरमध्ये रेकॉर्ड करतो. दोन्ही संगीत बनवायची सॉफ्टवेअर. परवा त्याचा फोन आला. "मामा, दोन्ही सॉफ्टवेअर एकाच वेळी चालवून राहिलो. बरोबर आहे न?"

हाच प्रश्न मलाही पडला होता, आणि दोन्ही पद्धतींनी मी पुष्कळ काम केलं आहे. त्यामुळे त्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

एकाच सॉफ्टवेअरमध्ये सगळं का करू नये, हे आधी उरकून टाकू. जरूर करावं. ज्याचा हात क्यूबेस किंवा लॉजिक अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर बसला आहे, त्यानं दुसरीकडे बघायची गरज नाही. पण माझ्यासारख्या अनेकांचा हात बीटसाठी एफएलच्या स्टेप सीक्वेन्सरवर (चौकटी भरून ठेका मांडायची सोय) आणि पियानो रोलवर (स्वर मांडायचा तक्ता) बसलेला असतो. ढोलकीचे आठ टेक, म्हणजे आठदा रेकॉर्डिंग, घेऊन त्यातले चांगले तुकडे निवडायचे म्हटले की रीपरच हवंसं वाटतं. दोन्ही सवयी पक्क्या झाल्यावर एक मोडण्यापेक्षा दोन्ही सांभाळलेल्या बऱ्या.

आता जोडायचं कसं? पहिला मार्ग जिवंत जोडणीचा. एफएल स्टुडिओ रीपरच्या आत प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, म्हणून उघडतो, टेम्पो रीपर देतो आणि प्ले दाबलं की दोन्ही एकत्र धावतात. पूर्वी याच कामासाठी रीवायर होतं. प्रोपेलरहेड कंपनीनं 1998 च्या सुमारास आणलेलं हे तंत्र कित्येक वर्षं चाललं आणि 2020 अखेर बंद झालं. एबलटन लिंकचं नाव इथे घेतलं जातं, पण ते टेम्पो आणि मात्रेची जागा जुळवतं, आवाज इकडून तिकडे नेत नाही. दोन मित्र दोन लॅपटॉप घेऊन एकत्र वाजवणार असतील तर लिंक उत्तम. आपल्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हे.

दुसरा मार्ग स्टेम्सचा. बीट पूर्ण करायचा, किक वेगळी, स्नेअर वेगळी, बेस वेगळा अशा वेव्ह फाइल्स (याच स्टेम्स) काढायच्या, एफएल बंद करायचं आणि त्या फाइल्स रीपरमध्ये मांडून पुढचं काम करायचं.

जिवंत जोडणीतली मजा मी नाकारत नाही. गायिका म्हणते, "दादा, अंतऱ्यात हा बेस जरा जड वाटतो." तुम्ही तिथल्या तिथे दोन स्वर काढता, पुन्हा प्ले करता आणि तिचा चेहरा खुलतो. चाल बांधत असताना हे सुख फार मोठं आहे. टेम्पो 96 वरून 100 केला की सगळं आपोआप सरकतं. स्टेम्समध्ये याच गोष्टीसाठी परत एफएल उघडा, बदला, फाइल काढा, जुनीच्या जागी टाका, असा फेरा पडतो. पहिल्या वर्षी मला वाटायचं, जोडणी सोडून कोणी स्टेम्सकडे का जाईल?

मग एप्रिल आला.

14 एप्रिलच्या आधीचे दोन आठवडे आमच्याकडे भीमगीतांच्या रेकॉर्डिंगची गर्दी असते. जयंतीच्या आधी गाणं हातात पडलंच पाहिजे. नागपुरात तोवर पारा चाळिशी गाठतो आणि घरोघरी कूलर लागलेले असतात. माझ्या खोलीतही खिडकीत कूलर आहे, वाळ्याच्या ताट्यांचा. माइक सुरू करायचा म्हणजे तो बंद करावाच लागतो, नाहीतर प्रत्येक टेकमध्ये पंख्याची घरघर आणि पाण्याचा टपटप आवाज. कूलर बंद झाला की पाच-सात मिनिटांत खोली तापते आणि खोलीबरोबर लॅपटॉपही. त्याहून नाजूक गोष्ट ढोलकीची. कूलरच्या दमट हवेत पुडी सैल पडलेली असते. कूलर बंद करून खोली कोरडी-गरम झाली की ती ताणत जाते आणि सूर वर चढतो. वाजवणारे काका प्रत्येक टेकच्या आधी शाईच्या बाजूवर बोट मारून कान देतात आणि गरज पडली तर पुन्हा लावतात. म्हणजे सूर लागला की लगेच रेकॉर्ड झालं पाहिजे. थांबायला वेळच नसतो.

नेमकं तिथेच माझं अडायचं. माइकवरून घेताना बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून हाताळतो तो आवाजाचा तुकडा, लहान लागतो; तो जितका मोठा तितका आवाज कानात उशिरा येतो. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने (सॅम्पल) घेताना, 128 सॅम्पल म्हणजे साधारण 2.7 मिलिसेकंद. पण मागे जड सिंथ, सॅम्पलर, बीटवरचे इफेक्ट असं सगळं जिवंत चालू असेल तर एवढ्या छोट्या बफरवर लॅपटॉप गुदमरतो, हेडफोनमध्ये चरचर सुरू होते. म्हणून बफर 512 करायचा. ते झालं 10.7 मिलिसेकंद, आणि आवाज आत येताना एकदा नि बाहेर जाताना एकदा धरला तर 21 च्या वर. काकांनी थाप मारली की कानात ती मागून यायची. ते अनुभवी माणूस, तक्रार करायचे नाहीत, पण हात आपोआप आखडायचा आणि ठेका जडावायचा.

डायरेक्ट मॉनिटरिंग लावा, म्हणजे माइकचा आवाज संगणकातून फिरून न येता थेट हेडफोनमध्ये घ्या, असं कोणी म्हणेल. लावलं होतं. त्यानं स्वतःच्या वाद्याचा उशीर गेला. पण कोरसच्या मंडळींना कानात थोडा रिव्हर्ब (घुमारा) हवा असतो, तो पुन्हा सॉफ्टवेअरमधूनच यायचा. आणि लॅपटॉप तापला की 512 वरही चरचर यायची. एका दुपारी बफर वर-खाली करण्यात पाऊण तास गेला. कूलर बंद, काका घामानं निथळलेले, ढोलकी तीनदा लावून झालेली. त्या दिवशी एकही टेक मनासारखा मिळाला नाही. वयानं मोठ्या कलावंताला असं ताटकळत बसवणं मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी बीटच्या बारा फाइल्स काढल्या, एफएल बंद केलं, बफर 128 वर ठेवला. वेव्ह फाइल वाजवायला लॅपटॉपला फारसे कष्ट पडतच नाहीत. काकांनी पहिल्याच टेकमध्ये पूर्ण गाणं वाजवलं. दोन्ही दिवस खोली तीच, माणसं तीच, ऊनही तेच. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

स्टेम्सच्या मार्गाला शिस्त मात्र लागते, आणि ती नसेल तर हा मार्ग जिवंत जोडणीपेक्षाही जास्त छळतो. एफएलमधून काढताना स्प्लिट मिक्सर ट्रॅक्स निवडला की प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल होते. त्याआधी मिक्सरमध्ये ट्रॅकना नीट नावं द्या. मास्टरवरचा, म्हणजे शेवटच्या एकत्र आवाजावरचा, लिमिटर (आवाजाची कमाल पातळी बांधणारा इफेक्ट) काढा. सगळ्या फाइल्स गाण्याच्या अगदी पहिल्या मात्रेपासून सुरू होऊ द्या, वाद्य दोन मिनिटांनी येणार असलं तरी. रिव्हर्बची शेपटी कापली जाऊ नये म्हणून शेवटी दोन बार (मात्रांचे गट) रिकामे ठेवा. दोन्हीकडे सॅम्पल रेट एकच ठेवा. टेम्पो फाइलच्या नावातच लिहा. जागेचा हिशोब सांगायचा तर 24 बिट, 48 किलोहर्ट्झची पाच मिनिटांची स्टिरिओ फाइल 86 एमबीच्या आसपास होते, म्हणजे बारा स्टेम्सचं गाणं साधारण एक जीबी.

रीपरमध्ये आणताना सगळ्या फाइल्स एकदम ओढल्या की वेगवेगळ्या ट्रॅकवर की एकामागून एक, असं विचारतं. वेगवेगळ्या ट्रॅकवर निवडा. आणि स्टेम्सच्या ट्रॅकचा टाइमबेस, म्हणजे फाइल टेम्पोला बांधायची की वेळेला ही सेटिंग, 'टाइम'वर ठेवा. ते राहिलं आणि पुढे चुकून टेम्पोला हात लागला, तर फाइल्स ताणल्या जातात आणि बीटची धार जाते.

या पद्धतीचा आणखी एक फायदा मला उशिरा कळला. स्टेम्स काढायच्या म्हणजे बीट 'झाला' असं ठरवावं लागतं. जोडणी जिवंत असताना मिक्सच्या शेवटच्या रात्रीही मी हाय-हॅट बदलत बसायचो. दोन वर्षांनी मंडळानं तेच गाणं नव्या आवाजात मागितलं, तर वेव्ह फाइल्स कुठल्याही संगणकावर उघडतात. कोणता प्लगइन होता, कोणतं व्हर्जन होतं, हे आठवावं लागत नाही.

बिटविग, स्टुडिओ वन किंवा क्यूबेस 14 ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी डीएडब्ल्यूप्रोजेक्ट हा फाइल प्रकार जरूर पाहावा. 2023 मध्ये आलेला हा खुला प्रकार ट्रॅक, क्लिप आणि मिडी (स्वरांची नोंद) एकातून दुसऱ्यात नेतो. त्यांच्यासाठी माझा सल्ला कदाचित वेगळा असेल.

जिवंत जोडणी कोणी ठेवावी? जो एकटा, कीबोर्डवर, माइकशिवाय काम करतो त्यानं खुशाल ठेवावी. जाहिरातीचा जिंगल किंवा डान्स ट्रॅक करताना मीही कधीकधी तसंच करतो. ताकदीचा डेस्कटॉप आणि एसीची खोली असेल तर माझी अर्धी अडचण तुम्हाला येणारही नाही. पण खोलीत माणूस वाद्य घेऊन बसणार असेल, तर तो येण्याआधी बीटच्या फाइल्स काढून ठेवलेल्या बऱ्या, असं मला वाटतं.

भाच्याला इतकंच सांगितलं की चाल बांधेपर्यंत जोडून चालव, ढोलकीवाले यायच्या आदल्या रात्री स्टेम्स काढ. त्यानं विचारलं, "आणि ते आल्यावर बीट बदलावासा वाटला तर?" म्हटलं, कागदावर लिहून ठेव, कूलर लाव, त्यांना पाणी दे आणि चहा होईस्तोवर नवीन फाइल काढ.